आधी सांग, मग खोल

पुण्याच्या विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० च्या जुलैत पाडला. टाळेबंदीचे दिवस होते, रस्ते रिकामे होते, त्यामुळे फारसा बोभाटाही झाला नाही. बांधून त्याला पंधरा वर्षंही झाली नव्हती. हिंजवडीहून येणाऱ्या मेट्रोच्या आड तो येत होता आणि चौकातली कोंडी तर त्याने सोडवलीच नव्हती. त्याच्या जागी दुमजली पूल ठरला. या नव्या पुलाच्या एका बाजूवरून गाड्या धावायला २०२५ साल उजाडलं. मधल्या काळात गणेशखिंड रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्यांना मी वेगळं काही सांगायला नको.

पूल पाडावा लागला, याबद्दल माझी तक्रार नाही. शहर वाढतं, अंदाज चुकतात. मला पडलेला प्रश्न असा की, या सगळ्या उपद्व्यापातून शहाणं कोण झालं? ज्यांनी पहिला पूल आखला ते बदलून गेले किंवा निवृत्त झाले. ज्यांनी पाडला त्यांचा मूळ आखणीशी संबंध नव्हता. ज्यांनी तासन् तास क्लच दाबून धरला ते वैतागले, पण वैतागाने शहाणपण येत असतं तर पुण्याइतकं शहाणं गाव पृथ्वीच्या पाठीवर सापडलं नसतं. हुशार माणसं प्रत्येक टप्प्यावर होती. पदव्या होत्या, अहवाल होते, सल्लागार होते. तरी पुढचा पूल आखताना मागच्या पुलाचा धडा कुणाच्या टेबलावर होता, हे विचारलं तर उत्तर मिळत नाही.

शहाणपण वयाने येतं किंवा शिक्षणाने येतं, असं आपण धरून चालतो. पुण्यात तर दोन्हींचा साठा मुबलक, म्हणून आपण जरा जास्तच निश्चिंत असतो. मला हा समज खोटा वाटतो. आपण घेतलेल्या निर्णयाचं फळ आपल्याच पुढ्यात येऊन पडलं, तेही लवकर, आणि आपण आधी काय म्हटलं होतं ते नाकारायची सोय उरली नाही, म्हणजे माणूस शहाणा व्हायला लागतो. वय आणि वाचन त्याला मदत करतात, इतकंच. आणि आपल्या सार्वजनिक कारभाराची घडीच अशी बसली आहे की, फळ एकाच्या पुढ्यात पडतं आणि सही दुसऱ्याची असते.

लांब जायला नको, शनिवारवाड्यातच दोन माधवराव होऊन गेले. पहिले माधवराव १७६१ साली पेशवे झाले तेव्हा सोळा वर्षांचे होते. पानिपत नुकतंच झालेलं, वडील पर्वतीवर वारलेले, तिजोरी रिकामी, काका रघुनाथराव कारभार बळकावायला टपलेले. या मुलाच्या प्रत्येक निर्णयाचा निकाल महिन्या-दोन महिन्यांत दारात उभा राहायचा. १७६२ मध्ये घरातलं भांडण विकोपाला गेलं, तेव्हा आळेगावला तो स्वतः काकाच्या स्वाधीन झाला, कारण फूट पडली तर निजाम टपून बसलेला होता. पुढच्याच वर्षी निजामाने पुणं लुटलं आणि त्याच वर्षी राक्षसभुवनावर त्याची परतफेडही झाली. काकापुढे नमतं कधी घ्यायचं हे ज्याला सोळाव्या-सतराव्या वर्षी कळलं, त्यालाच पुढे १७६८ मध्ये धोडपला काकाला पकडून वाड्यात नजरकैदेत कधी टाकायचं हेही कळलं. थेऊरला तो वारला तेव्हा सत्ताविशीत होता. त्याच्या शहाणपणाबद्दल मराठी मुलखात आजही दुमत नाही.

दुसरे सवाई माधवराव. हे जन्मले पुरंदरावर आणि चाळिसाव्या दिवशी पेशवे झाले. कारभार नाना फडणवीसांच्या हाती. साडेतीन शहाण्यांतले अर्धे ते नाना. अर्धे अशासाठी की तलवार चालवणं हे त्यांचं काम नव्हतं. नानांची बुद्धी, हिशेबी नजर आणि राजकारणातला पेच वादातीत. पानिपतावरून जीव वाचवून परतलेला हा माणूस. ठेचा खाऊनच शहाणा झालेला. पण ज्याच्या नावाने राज्य चाललं होतं त्या मुलाला नानांनी एकही ठेच लागू दिली नाही. त्याने कुणाला भेटायचं, कुणाशी बोलायचं, सगळं बांधलेलं. १७९५ च्या ऑक्टोबरात तो शनिवारवाड्यातून खाली पडला. उडी होती की अपघात, यावर वाद चालू आहे, चालू राहील. वय एकवीस. आणि एकवीस वर्षं गादीवर बसूनही आपला म्हणावा असा निर्णय त्याच्या वाट्याला जवळजवळ आलाच नव्हता. १८०० साली नाना वारले तेव्हा मराठी राज्यातलं शहाणपण आणि संयम त्यांच्याबरोबर गेले, अशा अर्थाचं पेशवे दरबारातला इंग्रजांचा वकील, म्हणजे रेसिडेंट, पामर लिहून गेला. आपल्याकडे हे वाक्य नानांच्या कौतुकासाठी सांगतात. एका माणसाबरोबर सगळं शहाणपण निघून जातं, म्हणजे त्या माणसाने ते कुणाच्या हाती लागू दिलं नव्हतं, असाही त्याचा अर्थ होतो, आणि पुढच्या अठरा वर्षांत काय झालं ते आपल्याला पाठ आहे.

वयाबद्दलचा आपला समज कागदावर तपासून पाहणारेही झाले. बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत पॉल बाल्टेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहाणपण मोजायचा घाट घातला. ऐकायला विचित्र वाटतं, पण रीत साधी होती. माणसाला एक पेच सांगायचा आणि त्याला मोठ्याने विचार करायला लावायचं. त्यातला एक पेच असा: पंधरा वर्षांची मुलगी आत्ताच्या आत्ता लग्न करायचं म्हणते आहे, काय विचार करायला हवा? ‘पंधराव्या वर्षी लग्न? मुळीच नाही,’ असं म्हणून जो मोकळा झाला त्याला कमी गुण. जो थांबून विचारायला लागला, की ती कुठल्या समाजात वाढते आहे, घरी कोण आहे, तिला कसला आजार तर नाही, कशापासून पळते आहे, त्याला जास्त. आपल्याकडचा वाचक लगेच म्हणेल की कायद्यानेच बंदी आहे, प्रश्न येतो कुठे! बरोबर आहे, ‘नाही’ हेच शेवटचं उत्तर असेल. पण ती असं का म्हणते आहे हे विचारल्याशिवाय त्या ‘नाही’चा त्या मुलीला काडीचा उपयोग नाही. असे पुष्कळ जणांचे विचार तपासल्यावर निघालं काय, तर विशीपासून पंचाहत्तरीपर्यंत वयाबरोबर गुण वाढत नाहीत. सत्तरीतला माणूस पंचविशीतल्यापेक्षा सरासरीने शहाणा निघाला नाही.

माझा या प्रयोगावर एक आक्षेप आहेच. शहाणं बोलणं आणि शहाणं वागणं यांत अंतर असतं. समर्थांनी मूर्खांची लक्षणं सांगून झाल्यावर पढतमूर्खांसाठी वेगळा समास राखला, तो उगाच नाही. आणि दुसऱ्याच्या पेचात आपण सगळेच जास्त शहाणे असतो. इगोर ग्रॉसमन आणि ईथन क्रॉस यांनी २०१४ मध्ये हेच दाखवलं, की माणसं मित्राच्या भानगडीचा विचार स्वतःच्या भानगडीपेक्षा अधिक समजूतदारपणे करतात. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही म्हणा, कुठल्याही पुणेरी कट्ट्यावर तासभर बसलं तरी पुरे.

मग शहाणपण येतं कुठे? नाना पेठेतल्या एका गॅरेजमध्ये मी ते येताना पाहिलं आहे. मेकॅनिकला सगळी पोरं मामा म्हणत. एक स्प्लेंडर आली होती. गिऱ्हाईक म्हणालं, ‘तापली की बंद पडते, गार झाली की सुरू.’ हाताखालचा पोरगा पाना घेऊन बसणार इतक्यात मामा म्हणाले, ‘आधी सांग, मग खोल.’ पोरगा म्हणाला, ‘प्लग.’ ‘खोल.’ प्लग निघाला तो छान बदामी, काजळी नाही, ओलसर नाही. ‘आता?’ पोरगा गप्प. मग, ‘कॉइल?’ ‘मला काय विचारतोस, लावून बघ.’ दुसरी कॉइल लावून गाडी सुरू ठेवली. चहा आला, चहा संपला, इंजिन हात लावू नये इतकं तापलं, पण गाडी बंद पडली नाही. मामांनी शाबासकी वगैरे दिली नाही. पुढची गाडी ओढली आणि पुन्हा तेच, आधी सांग. मला गंमत वाटली ती याची की, पोराचं उत्तर चुकलं म्हणून मामा एकदाही ओरडले नाहीत. ओरडले ते तो काही न सांगता स्क्रू पिळायला लागला तेव्हा.

या पोराची शाळा फार चांगली आहे. तो आधी बोलतो, म्हणजे मागून ‘मला वाटलंच होतं’ म्हणायची सोय नाही. निकाल तासाभरात लागतो. आणि चुकलं तर गाडी दुसऱ्या दिवशी त्याच्याच दारात परत येते. डॅनियल कानमन आणि गॅरी क्लाइन हे दोन मानसशास्त्रज्ञ याच मुद्द्यावर वर्षानुवर्षं परस्परविरुद्ध बाजूंना उभे होते. कानमनचा तज्ज्ञांच्या आतल्या आवाजावर विश्वास नव्हता. क्लाइनने आगीचे बंबवाले पाहिले होते, ज्यांना जळत्या घरात काहीतरी भलतंच आहे हे जमीन खचायच्या आधीच जाणवायचं. २००९ मध्ये दोघांनी मिळून लिहिलं आणि भांडणाचं उत्तर भलतीकडेच सापडलं: काम जर ठरावीक नियमांनी चालणारं असेल आणि केलेल्याचा निकाल वेळेवर, स्पष्ट कळत असेल, तर अनुभवी माणसाच्या आतल्या आवाजावर भरवसा ठेवा. नसेल, तर त्याच्या आत्मविश्वासाला फारशी किंमत देऊ नका. फिलिप टेटलॉकने २८४ राजकीय तज्ज्ञांची भाकितं वीसेक वर्षं साठवून ताडून पाहिली, तर बहुतेकांची मजल आंधळ्या अंदाजाच्या जरा पुढे. त्यातही जे जास्त प्रसिद्ध, त्यांची भाकितं जास्त फसलेली. त्यांना कुणी ‘आधी सांग’ म्हटलं नव्हतं असं नाही. सांगितल्यावर परत येऊन कुणी विचारत नव्हतं.

आता हाच कस आपल्या शहराला लावून पाहा.

पुनर्विकास घ्या. कोथरूड, सहकारनगर, एरंडवणे, जिकडे जाल तिकडे सोसायटीच्या सभा चालू आहेत. २०१९ च्या शासन निर्णयाने ५१ टक्के सभासदांची संमती पुरेशी ठरली, तेव्हापासून तर उधाण आलं आहे. या सभांत ज्येष्ठ सभासद हक्काने बोलतात, ‘मी चाळीस वर्षं बांधकाम खात्यात काढलीत.’ पण आपलं राहतं घर पाडायला देण्याचा निर्णय माणूस जन्मात एकदा घेतो. त्याचा निकाल चार-सहा वर्षांनी लागतो, आणि तोवर शहाणपण आलंच तर ते वापरायला दुसरं घर नसतं. चाळीस वर्षांच्या नोकरीने या निर्णयाची उजळणी झालेली नसते. अशा एका सभेत कार्पेट किती वाढणार, मॉड्युलर किचन कुठल्या कंपनीचं यावर दीड तास गेला होता. मागे बसलेले एक काका बँकेतून निवृत्त झालेले, तेही कर्जवसुलीच्या विभागातून. ते उठले आणि एवढंच म्हणाले, ‘बिल्डरकडून येणारं भाडं थांबलं तर त्याची बँक गॅरंटी मोडायची कुणी, आणि ती किती रकमेची आहे?’ सभा गप्प. काकांना बांधकामातलं काही कळत नव्हतं. पण गोड शब्दांत दिलेली वचनं शेवटी कुठे जाऊन पोचतात, हे पाहण्यातच त्यांची नोकरी गेली होती. निकाल रोज त्यांच्या टेबलावर येत होता. काकांनीच मग सुचवलं की, आपल्या आधी ज्या सोसायट्या यातून गेल्या त्यांच्याकडे जाऊन बसू, आणि काय चांगलं झालं ते विचारायचं नाही, करारात काय लिहून घ्यायचं राहिलं तेवढंच विचारायचं.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, ही म्हण आपण सहज वापरतो. मागच्याला शहाणं व्हायचं तर पुढच्याला कुठे ठेचकाळलं ते त्याने पाहिलं पाहिजे, आणि दोघांची वाट एक पाहिजे. सार्वजनिक कामांत यातलं काहीच नसतं. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं फुटलं आणि पेठा पाण्याखाली गेल्या. या शहराला याहून मोठी ठेच लागलेली नाही. नदी किती वर येऊ शकते हे त्या पिढीला कुणी शिकवायची गरज उरली नाही. पुढे नियमही झाले: पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. नकाशावर रेषा आहेत, आणि रेषांच्या आत काय काय उभं आहे ते म्हात्रे पुलावरून मान वळवली की दिसतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री तर धरण फुटलं नव्हतं, मुठा नदीही नव्हती. आंबील ओढा. पेशवाईत ज्याचा प्रवाह वळवला, ज्याला नंतर आपण नाला म्हणायला लागलो आणि मग विसरूनच गेलो, तो त्या रात्री टांगेवाला कॉलनीत, अरण्येश्वरच्या गल्ल्यांत घुसला आणि माणसं घेऊन गेला. २०२४ च्या जुलैत खडकवासल्याचं पाणी सोडलं तेव्हा सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांच्या छातीपर्यंत आलं. ठेच लागली तळमजल्यावर राहणाऱ्याला. ओढा अरुंद करायला, भराव टाकायला ज्यांनी मान्यता दिली त्यांच्या जिन्याला पाणी लागलं नाही.

अधिकाऱ्यांना झोडपणं सोपं आहे, आणि त्याने काही साधत नाही. बदल्यांच्या २००५ च्या कायद्यातच एका जागी तीन वर्षं हा सर्वसाधारण कालावधी धरलेला आहे, आणि पुष्कळदा तेवढीही मिळत नाहीत. रस्ता, पूल, ओढ्याची भिंत यांचा खरा निकाल लागायला सात-आठ वर्षं लागतात. म्हणजे कितीही प्रामाणिक माणूस त्या खुर्चीवर बसवा, त्याची गाडी त्याच्या दारात परत येणारच नाही. नगरसेवक निदान वॉर्डात राहायचे, लोक त्यांना रस्त्यात गाठायचे. २०२२ च्या मार्चपासून पुढे कित्येक वर्षं तेही नव्हते, प्रशासकाचं राज्य होतं. बीआरटी, म्हणजे बससाठी राखून ठेवलेली मार्गिका, पाहा. २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट मार्गावर देशातला पहिला प्रयोग म्हणून ती सुरू झाली, पुढे नगर रस्त्यावर बांधली, मग तिथली उखडली. बांधणं चूक होतं की उखडणं चूक होतं, याचं उत्तर तुमच्या-माझ्या मतावर सोडून दिलेलं आहे. मोठ्या कामाच्या प्रकल्प अहवालात वाहतुकीचे अंदाज असतात. पण ते अंदाज काही वर्षांनी बाहेर काढून प्रत्यक्षाशी ताळा करायची पद्धत आपल्याकडे रुजलेली नाही.

यावर एक रास्त शंका निघते. सगळंच ठेचकाळून शिकायचं म्हटलं तर ग्रंथ कशाला, इतिहास कशाला, भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ महाभारताच्या पोथ्या ताडत बसायचं कशाला? खरं सांगायचं तर ते काम माझ्याच बाजूचं उदाहरण आहे. तिथे एकेका पाठाचा निवाडा करताना कुठल्या पोथीत काय आहे, आपण कुठला पाठ घेतला आणि कुठला टाकला, हे तळटीपांत नोंदवून ठेवलं. त्यामुळे पुढच्या अभ्यासकाला संपादकांची चूक दाखवता येते. वाचनाने दुसऱ्याची ठेच आपल्यापर्यंत पोचते, पण त्याने ती नीट लिहून ठेवलेली असेल तरच. सत्कार समारंभ आणि उद्घाटनाच्या स्मरणिका वाचून कोण शहाणा झाला आहे?

घरातही आपण सवाई माधवरावच वाढवतो आहोत, हे जाता जाता. दहावीनंतर शाखा आई-बाबांची, क्लास आई-बाबांचा, पुढे कंपनीसुद्धा त्यांच्या ओळखीतली. मग पंचविशीतल्या मुलाला साधा भाडेकरार नीट वाचता येत नाही म्हणून चिडायचं. पाच हजार रुपयांची चूक त्याला सोळाव्या वर्षी करू द्यावी, पन्नास लाखांची वाचेल.

अधिकाऱ्यांना आज अंदाज लिहून द्यायची भीती वाटते, ती मला कळते. लिहिलेलं चुकलं की माहिती अधिकार, चौकशी, वर्तमानपत्रात फोटो. चुकलेल्या अंदाजाला शिक्षा होत राहिली तर कुणी अंदाज लिहिणारच नाही, किंवा असा लिहील की तो कधी चुकूच शकणार नाही. म्हणून शिक्षा व्हायला हवी ती काही न सांगता खोलणाऱ्याला. अंदाज प्रामाणिकपणे लिहिला, कशाच्या आधाराने लिहिला ते सांगितलं आणि तरी चुकला, तर त्या अधिकाऱ्याला पुढच्या आखणीच्या बैठकीत मुद्दाम बोलवावं, मग तो तेव्हा नागपूरला असो की निवृत्त होऊन वारज्यात.

यासाठी नवी समिती नको, आहेत त्याच पुष्कळ झाल्या. महापालिकेच्या कामाच्या ठिकाणी फलक असतो: कामाचं नाव, ठेकेदार, रक्कम, मुदत, दोषदायित्वाचा कालावधी. त्यावर आणखी दोन ओळींना जागा आहे. या कामाने नेमकं काय बदलेल, आणि ते कोणत्या वर्षी मोजणार. सुरुवात आंबील ओढ्याच्या काठच्या भिंतींपासून करता येईल. तासाला किती मिलिमीटर पाऊस पडला तरी ही भिंत पुरेल, तो आकडा रंगाने भिंतीवरच लिहावा, खाली तारीख घालावी. काठावर राहणाऱ्यांच्या मोबाइलवर पावसाचा आकडा आता येतोच. ताळा ते स्वतः करतील.